तळहातावरचं बहात्तर

“हात हलवू नकोस वहिनी, मोराची मान मोडेल.”

मी हात हलवत नव्हते, मान वळवत होते. आतल्या खोलीतून माझ्या लेकीच्या, ऋजूच्या खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला होता, आणि तो कोरडा होता की ओला, हे मला ठरवायचं होतं.

“हसतेय ती,” शलाका म्हणाली. “आईनं तोंड वेडंवाकडं करून दाखवलं असणार.”

शलाका माझी धाकटी नणंद. मंगळवारी तिचं लग्न होतं आणि शनिवारी दुपारी, सांगलीतल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात, ती मांडी घालून माझ्या हातावर मेंदी काढत बसली होती. मेंदीच्या ऑर्डरी घेणारी मुलगी ती. तिच्या स्वतःच्या हातावर सोमवारी मैत्रिणी काढणार होत्या, त्याआधी घरातल्या बायकांचे हात तिला उरकायचे होते. पहिला नंबर माझा, कारण रविवारी सकाळी नऊ वाजता माझी एमबीएची प्रवेश परीक्षा होती आणि तोवर रंग चढून हात मोकळे व्हायला हवे होते.

शहाण्या बाईनं परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन्ही हात बिनकामाचे करून घेतले नसते. पण नवरीच्या एकुलत्या एका वहिनीचे हात कोरडे कसे ठेवायचे? आणि हात अडकले तरी डोळे मोकळेच असतात, असा हिशेब मी केला होता. समोर उशीवर गणिताची वही उघडी होती. मी सांगितलं की शलाका कोपरानं पान उलटायची.

मी सगळ्याचा विचार केलेला होता. हॉल तिकिटाच्या मागच्या एकवीस सूचना मला पाठ होत्या. अंगठ्याचा ठसा घेणार हे वाचून मी शलाकाला बजावलं होतं की बोटांची टोकं कोरी ठेव. पाण्याची बाटली पारदर्शक घेतली होती. मुलगी दोन वर्षांची झाल्यापासून, म्हणजे खरं तर ती जन्मल्यापासूनच, काय काय बिघडू शकतं याची यादी करणं हाच माझा पूर्णवेळ व्यवसाय होता.

आणि बिघडून चालणार नव्हतं. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं ठरली होती. पोस्टातल्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसून निवृत्त झालेली ती बाई. त्यांनी मला गेल्या दिवाळीत बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, “मृणाल, तुला शिकायचंय ना? शीक. गुडघे मी दोन वर्षं पुढे ढकलते, ऋजूला सांभाळते. पण परीक्षा एकदाच. यंदा नंबर लागला तर कॉलेज, नाही लागला तर मी टेबलावर. तिसरी भानगड नाही.” निरंजन, माझा नवरा, चाकणला नोकरीला, शनिवार-रविवारचा पाहुणा. म्हणजे जे काही होणार ते सासूबाईंच्या गुडघ्यांवरच उभं होतं.

“हे काय लिहिलंयस गं समासात?” शलाकानं कोन उचलून वहीत डोकं घातलं. “‘पिवळी, पातळ, दोनदा.’ हेपण परीक्षेला आहे?”

“ते ऋजूचं आहे. तू पान उलट.”

“आणि हे मधे चौकटीत?”

“ते महत्त्वाचं. एखाद्या संख्येला किती विभाजक असतात, म्हणजे तिला किती संख्यांनी पूर्ण भाग जातो, ते झटक्यात काढायचं सूत्र. समजा बहात्तर. बहात्तर म्हणजे तीन दोन आणि दोन तीन यांचा गुणाकार. दोनचा घातांक तीन, तीनचा घातांक दोन. घातांकांचा गुणाकार करायचा. तीन दुणे सहा. बहात्तरला सहा विभाजक.”

शलाका हे ऐकता ऐकता माझ्या करंगळीखाली वेल फिरवत होती. बी.ए.ला तिचा विषय इतिहास.

“एकानं जातो,” ती पुटपुटली. “दोननं, तीननं, चारनं, सहानं, आठनं, नऊनं. सात झाले की गं. बारानंपण जातो.”

“ते सगळे धरत नाहीत बहुतेक.”

“का?”

“शलाका, तू मेंदी काढ.”

ती हसली. मला मात्र जरा राग आला होता, कारण ही शंका मलाही आली होती. पुस्तकाच्या मागे दिलेली उत्तरं माझ्या उत्तरांशी आठ ठिकाणी जुळली नव्हती. पुष्कळ विचार करून मी त्या आठही ठिकाणी पेन्सिलीनं ‘छपाईची चूक’ असं लिहून ठेवलं होतं. पुस्तक सेकंडहॅंड होतं. सेकंडहॅंड पुस्तकात काहीही असू शकतं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

डावा तळहात भरत आला तसं शलाकानं मला मान दुसरीकडे वळवायला लावली. “आता बघायचं नाही.”

“का?”

“नवरीच्या मेंदीत नवऱ्याचं नाव लपवतो ना, तसं तुझ्यात एक लपवतेय. उद्या शोध. उपयोगी पडेल.”

मला वाटलं, ऋजूचं नाव असेल. मी गहिवरून मुकाट्यानं खिडकीबाहेर बघत राहिले.

मेंदी सुकत आल्यावर सासूबाई लिंबू-साखरेचं पाणी आणि कापूस घेऊन आल्या आणि थेंब थेंब लावत बसल्या. संध्याकाळी मेंदी खरवडल्यावर तव्यावर लवंगा टाकून त्यांनी माझे हात त्या धुरावर धरले. वर बाम चोळला, जुने सुती मोजे हातांत चढवले.

“आई, इतकं कशाला? नवरी मी नाहीये.”

“असू दे. सुनेची मेंदी फिकी राहिली की बायका सासूकडे बघतात. रंगावरनं माया ठरवतात मेल्या.”

सकाळी मोजे काढले तर हात जवळजवळ काळे. तुमच्या सासूबाईंची माया बघा, असं घरी आलेली प्रत्येक पाहुणी म्हणाली. मी ऋजूचं अंग गरम नाही ना ते बघितलं. मग मनगटाच्या आतल्या बाजूनं पुन्हा बघितलं, कारण मेंदीनं तळव्याची जाणीव कमी होते की काय अशी शंका आली. निरंजननं स्कूटरचा हॉर्न वाजवला तेव्हा मी सासूबाईंना तिसऱ्यांदा सांगत होते की तापाचं औषध फ्रिजच्या वर आहे, फ्रिजमध्ये नाही.

“मृणाल,” त्या म्हणाल्या, “मी दोन पोरं वाढवली. एकाशी तू लग्न केलंस, एकीचं परवा लग्न आहे. जा.”

केंद्र गावाबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतं. फोन निरंजनकडे देऊन मी रांगेत उभी राहिले. पुढे चाळीसेक मुलं, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, आरामात च्युइंगगम चघळणारी. करायला काही नव्हतं म्हणून मी डाव्या तळहातात ऋजूचं नाव शोधायला लागले. मोराच्या मानेत नव्हतं. कोयरीत नव्हतं. मग पिसाऱ्यात, एकेका डोळ्याच्या आत एकेक आकडा दिसला. सुबक, ठसठशीत, लवंगेच्या धुरानं काळाभोर झालेला.

72 = 2³ × 3². आणि त्याखाली, वेलीच्या शेवटी, 3 × 2 = 6.

सूचना क्रमांक चौदा मला पाठ होती. शरीराच्या कोणत्याही भागावर काहीही लिहिलेलं आढळल्यास उमेदवारास परीक्षेस बसू दिलं जाणार नाही.

रांग सोडून मी नळाकडे पळाले. तिथे साबणाची एक चपटी वडी होती. ती संपेपर्यंत मी हात घासला. कातडी लाल झाली आणि लालवर काळं आणखीनच उठून दिसायला लागलं. शेजारी हात धूत असलेली एक मुलगी म्हणाली, “काय मस्त रंग चढलाय हो.”

मी मूठ मिटली आणि आत गेले.

अंगठा उजवा मागितला, दिला. सही उजव्या हातानं केली. माऊसही उजव्याच हाताचा. माझ्या लक्षात आलं की डावा हात नसला तरी माणूस एमबीए होऊ शकतो. मी खुर्चीत बसले, मूठ मांडीवर ठेवली आणि वर ओढणी पसरली. पंधरा मिनिटं बाकी होती.

पर्यवेक्षिका पन्नाशीच्या पुढच्या होत्या. सुती साडी, चष्मा साखळीत अडकवलेला, छातीवर ‘सौ. मगदूम, गणित विभाग’ अशी पट्टी. सगळ्या ओळी ओलांडून त्या नेमक्या माझ्यापाशी थांबल्या. चोरी करणाऱ्यांना त्या कशा ओळखत असतील, हे मला त्या दिवशी कळलं. अख्ख्या हॉलमध्ये घामानं निथळणारी मी एकटीच होते, आणि वर एसी चालू होता.

“डाव्या हाताला काही लागलंय का?”

“नाही मॅडम.”

“मग मूठ का मिटलीय?”

“सवय आहे.”

“उघडा.”

मी उघडली. त्यांनी चष्मा लावला, माझा हात धरून उजेडाकडे वळवला आणि वाचायला लागल्या. माझा हात इतक्या बारकाईनं याआधी एकदाच कुणीतरी बघितला होता, आणि त्या गुरुजींनी परदेशगमनाचा योग सांगितला होता.

“हे काय आहे?”

“मेंदी.”

“ते दिसतंय. मेंदीत काय आहे?”

“बहात्तर,” मी म्हणाले. “बहात्तर आहे मॅडम. मी नाही लिहिलं. नणंदेनं लिहिलं. मंगळवारी लग्न आहे तिचं. मला आत्ता रांगेत दिसलं. मी खूप घासलं, पण सासूबाईंनी लवंगेचा धूर दिलाय.”

शेजारच्या संगणकावरचा मुलगा च्युइंगगम चघळायचा थांबला होता.

“नणंद गणितातली आहे का?”

“इतिहासातली. माझ्या वहीतून उतरवलंय तिनं. जसंच्या तसं.”

मगदूम मॅडमनी पुन्हा एकदा हात वाचला. शेवटच्या सहापाशी त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली. मग त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे गणित तुम्हालाच येत नाही.”

“हो मॅडम,” मी म्हणाले. त्या वेळी त्यांनी मला काहीही म्हटलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

“कॉपी कशाला म्हणतात? ज्यानं मार्क वाढतात त्याला. यानं तुमचे कमी होतील.” त्यांनी दारातल्या शिपायाला प्रथमोपचाराची पेटी आणायला सांगितली. स्वतःच्या हातांनी माझ्या तळव्याला बॅंडेज गुंडाळलं, चांगले सात-आठ वेढे. वर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनानं स्वतःची सही केली. “ही सही सुटण्याआधी मोडलेली दिसली तर मी तुमचं काहीच ऐकून घेणार नाही. बसा.”

“मॅडम, पण त्यात चुकलंय काय?”

“परीक्षा तुमची आहे,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे गेल्या.

अडीच तास, दोनशे प्रश्न. पहिले शंभर कसे गेले आठवत नाही. बॅंडेजमधल्या हाताला घाम येत होता, आणि ऋजू या वेळी झोपते, झोपली असेल का, हा विचार दर दहा प्रश्नांनी येत होता. सवयीनं हात मांडीवर फोन चाचपायचा. तिथे सही केलेलं बॅंडेज लागायचं.

एकशे बाराव्या प्रश्नाला तो आला. तीनशे साठला एकूण किती विभाजक आहेत?

तीनशे साठ म्हणजे तीन दोन, दोन तीन आणि एक पाच. तीन दुणे सहा, सहा एके सहा. पर्यायांमध्ये सहा पहिलाच होता, अगदी माझी वाट बघत बसल्यासारखा.

तेच चुकलेलं आहे एवढं मला माहीत होतं. बरोबर काय, ते माहीत नव्हतं. प्रश्न सोडून पुढे जाणं शहाणपणाचं होतं. पण माझ्या मुठीत बहात्तर होतं, आणि एका गणिताच्या बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं होतं ती काही मला सोडेना. मी कच्च्या कामाचा कागद ओढला आणि शलाका मोजत होती तसं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ, बारा, अठरा, चोवीस, छत्तीस, बहात्तर.

बारा.

सहा नाही, बारा. लग्नाच्या गडबडीतल्या इतिहासाच्या मुलीनं मेंदी काढता काढता आठपर्यंत मोजलं होतं आणि मी तिला गप्प केलं होतं.

बारा म्हणजे चार त्रिक. तीनच्या जागी चार, दोनच्या जागी तीन. प्रत्येक घातांकात एक मिळवलेला. का? मी नऊकडे बघत बसले. नऊमध्ये दोन तीनदा नाही, दोनदा नाही, एकदाही नाही. तरी नऊनं बहात्तरला भाग जातो. म्हणजे दोन तीनदा घेता येतो, दोनदा घेता येतो, एकदा घेता येतो, आणि अजिबात नाही घेतला तरी चालतं. तीन नव्हे, चार प्रकार. न घेणं मी मोजलंच नव्हतं.

आणि मग मला वहीतलं ते पान दिसलं. चौकट, आणि समासात ‘पिवळी, पातळ, दोनदा’. पाटणे सरांच्या क्लासमधला तो रविवार. सरांनी फळ्यावर बहात्तर मांडलं होतं, मूळ अवयव पाडले होते आणि म्हणाले होते, “आता नीट लक्ष द्या.” त्या क्षणी मी बाहेर जिन्यात जाऊन घरी फोन लावला होता. प्रत्येक लेक्चरला एकदा लावायचेच. “शी झाली का?” “झाली.” “कशी?” “मृणाल, तू शीक.” “पण कशी?” परत आले तेव्हा फळा पुसलेला होता. उरलेलं सूत्र मी स्वतःच्या बुद्धीनं पूर्ण केलं होतं आणि त्याला चौकट आखली होती.

चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. तीनशे साठला चोवीस. तो पर्याय होता, तिसरा. मी तो दाबला. या एका प्रश्नाला सात मिनिटं गेली होती. पण पुढे याच जातीचे आणखी तीन आले, आणि त्यांना मिळून दीड मिनिटही लागलं नाही.

सुटल्यावर मगदूम मॅडमनी चिकटपट्टीवरची सही तपासली.

“किती?” त्यांनी विचारलं.

“बारा.”

“हं,” म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाचा कागद गोळा करायला वळल्या.

फाटकाशी निरंजननं फोन हातात दिला. एकही मिस्ड कॉल नव्हता.

“आईंचा आला होता?”

“नाही.”

“तू केलास?”

“नाही. का?”

घरी पोचले तर ऋजू पाहुण्यांतल्या कुठल्याशा मावशीच्या मांडीवर बसून बुंदी वेचत होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग पुन्हा बुंदीकडे. माझी आठवण काढली का, असं मी सासूबाईंना हळूच विचारलं.

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या. “आणि हाताला काय झालं? भाजलं?”

मी उत्तर देण्याआधी शलाका धावत आली. हातात कोन, कपाळाला मेंदीचा डाग. “सापडलं का, वहिनी?”

“सापडलं.”

“उपयोग झाला?”

दोन दिवसांवर लग्न असलेल्या मुलीचा चेहरा होता तो. पण खोटं बोलायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

“झाला,” मी म्हणाले. “ते हातावर नसतं तर चार गणितं गेली असती.”

तिनं सगळ्या मावश्यांकडे वळून बघितलं. ही गोष्ट ती तेव्हापासून, गेली बारा वर्षं, सासरी-माहेरी सांगत आलीये, आणि त्यात दर वर्षी गणितांची संख्या वाढते. मी दुरुस्त करत नाही. माझं मोजणं कसं असतं ते तिला ठाऊक आहे.

सासूबाईंना मात्र मी संध्याकाळी सगळं सांगितलं. पुस्तकातली आठही ‘छपाईची चूक’ खोडरबरानं खोडता खोडता सांगितलं. बहात्तर, मगदूम मॅडम, आणि पाटणे सरांच्या जिन्यातला तो फोन. त्या तांदूळ निवडत होत्या. हसल्या नाहीत.

“त्या दिवशी मी फोनवर काय सांगितलं होतं?”

“पिवळी, पातळ, दोनदा.”

“त्याच्या आधी.”

मी पुढची ‘छपाईची चूक’ खोडायला घेतली.

पाच आठवड्यांनी निकाल लागला. नंबर लागला, तोही शेवटून चौथा. म्हणजे ती चार गणितं चुकली असती तर नसताच लागला. मी सांगायला गेले तर सासूबाई आधीच फोनपाशी स्टुलावर बसून हाडांच्या दवाखान्याचा नंबर फिरवत होत्या. बातमी त्यांना निरंजननं कळवली होती.

“डॉक्टरसाहेब, माझी तारीख पुढे घ्या... नाही, दोन महिने नाही. दोन वर्षं... हो, दुखतंय... नाही, भीती नाही वाटत. सून शिकतेय.” त्यांनी फोन ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून, दोन दमांत, उठल्या.

“एक सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या. “तास चालू असताना घरी फोन करायचा नाही. केलास तरी मी उचलणार नाही.”

कॉलेजच्या पहिल्या महिन्यात मी सतरा वेळा केला. त्यांनी एकदाही उचलला नाही.